अंगठ्याएवढा खळगा

आमच्या घरी पहाटे दोन घरघरी चालत. एक आईच्या जात्याची, ती घरोघर होती. दुसरी पडवीतून यायची, दादाच्या काचेची, आणि ती अख्ख्या ठाण्यात दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हती हे मी पैजेवर सांगते. पडवीत एक लाकडी पिंप वाळू भरून उभं केलेलं होतं. त्यावर एक जाड काच पक्की बसवलेली, तिच्यावर तेवढीच दुसरी काच, मध्ये कुरुंदाची ओली पूड. दादा दोन्ही हातांनी वरची काच पुढे-मागे घाशीत पिंपाभोवती फिरायचा. सहा-सात हात मारले की काच जरा वळवायची, आपण एक पाऊल सरकायचं, की पुन्हा सहा-सात हात. असं महिनोन्‌महिने केलं की वरची काच मधोमध खोलगट होत जाते, आणि त्या खोलगट काचेला चांदीचा मुलामा दिला की तिचा दुर्बिणीचा आरसा होतो, असं त्याचं म्हणणं. येणारेजाणारे थांबून बघत. शेजारच्या काकूंनी ह्या प्रकाराला 'पिंपोबाची प्रदक्षिणा' असं नाव ठेवलं आणि ते आळीभर झालं. दादा हसायचा नि फिरत राहायचा. राग मला यायचा.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा इंग्रजीनं त्याला आडवं केलं. बाकी डोकं असं, की घरातलं घड्याळ अडलं तर नुसतं कानाशी धरून सांगायचा, कुठं अडलंय. आमचे वडील, अण्णा, ठाण्याच्या कोर्टात नाझर होते. घरातसुद्धा ते फिर्याद आणि निकाल याच भाषेत बोलत. दोनदा नापास झालेल्या मुलाचा निकाल त्यांनी देऊन टाकला होता: उरणच्या मिठागरावर कारकुनी. शब्द टाकलेला होता, जागाही राखून ठेवलेली होती. दादाच्या मनात मात्र दुसरंच. मुंबईच्या एका कॉलेजात एक पारशी प्रोफेसर होते. त्यांना उपकरणांच्या खोलीत हाताखाली माणूस हवा होता. ते दादाला म्हणाले होते, की मला तुझं मॅट्रिक नको, स्वतःच्या हातानं घासलेला एक आरसा आणून दाखव, चांगला निघाला तर जागा तुझी. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ते बघणार होते. अण्णांनी ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दसऱ्यापर्यंत घास. जमलं तर मुंबई, नाहीतर उरण. अपील नाही." त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की दादाचं पुढचं सगळं आयुष्य त्या भाकरीएवढ्या काचेवर आहे.

काच होती आगबोटीच्या खिडकीची, चोरबाजारातून आणलेली, बोटभर जाड. कुरुंद आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक असं वापरायचं असतं, आणि एक जरी भरड कण बारकात राहिला तरी काचेवर रेघ ओढतो. हे निवडायचं कसं यावर दादाचं अडलं होतं. ते सोडवलं आईनं. आईला ते सगळं खूळ वाटायचं. जेवायला हाक मारताना "या, पिंपोबा" म्हणायला तीही कमी करत नसे. पण एक दिवस त्याची ती चाळण्यांची धडपड तिला बघवेना. पदर खोचून ती पडवीत आली आणि गव्हाचा चीक काढतात तशी पूड पाण्यात ढवळून, जरा थांबून, वरचं गढूळ पाणी हलक्या हातानं दुसऱ्या पातेल्यात ओतून दाखवलं. जड ते खाली बसतं, बारीक तेवढं पाण्याबरोबर जातं, आणि जितकं जास्त थांबाल तितकं पुढच्या पातेल्यात बारीक मिळतं. दादा बघतच राहिला. आई म्हणाली, कुरडया काय आकाशातून पडतात वाटतं तुला, आणि बिरड्याचे वाल सोलायला निघून गेली.

दादाचे खांदे भरून आले की काच माझ्याकडे यायची. मी दहा वर्षांची होते, अंगानं काटकुळी, पण माझा हात एकसारखा पडतो असं तो म्हणायचा आणि मी फुगून जायचे. खरं सांगायचं तर त्या वयात मला देवापेक्षा दादा जास्त पटायचा. भरड पुडीचा आवाज खरखर, मधलीचा सळसळ, आणि शेवटी शेवटी तर काचेवर काच जाते आहे हे नुसतं हाताला कळायचं. मग जिल्हईचं, म्हणजे काच चकचकीत करायचं, काम आलं. त्याला खाली डांबर लागतं. चेंदणीचा एक म्हातारा कोळी होड्यांच्या फटी बुजवायचा. त्यानं राळ-डांबराचा गोळा दिला आणि नखानं दाबून कठीणपणा कसा बघायचा ते शिकवलं. डांबरावर लावायची जिल्हईची लाल पूड दादानं घरीच केली, हिराकस खापरात भाजून. त्या वासानं अण्णा छत्री घेऊन तळ्यावर जाऊन बसले. नंतर घरात सगळंच लाल झालं, माझा परकर, पडवीची भिंत, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा. सोड्यांच्या खिचडीतसुद्धा तांबडं दिसलं म्हणून आईनं एकदा अख्खं पातेलं संशयानं हुंगलं. आज माझ्या नातवंडांना साबणानं हात धुवायला सांगावं लागतं. आमचे हात त्या पावसाळ्यात धुऊन पांढरे होतच नसत.

चाचणी दिवेलागणीला व्हायची. माजघराची दारं लावायची, दिव्यासमोर बारीक भोक पाडलेला पत्रा धरायचा, आणि काचेवरून परत आलेल्या उजेडाच्या वाटेत वस्तऱ्याचं पातं सरकवायचं. पात्याच्या कडेला डोळा लावला की सगळी काच उजळलेली दिसायची, आणि तिच्यावर कुठं काही उंच-सखल असेल तर त्याची सावली. केसाच्या हजाराव्या भागाएवढं वरखाली असलं तरी दिसायचं. एकदा दादानं मला काचेवर बोट ठेवायला लावलं, दहा अंक मोजले आणि मग बघ म्हणाला. बोट होतं तिथं टेंगूळ आलेलं! हाताच्या उबेनं काच फुगली होती. हळूहळू ते टेंगूळ ओसरलं. त्या दिवसापासून कुणी काचेजवळ फिरकलं तरी मीच ओरडायचे.

नवरात्रात एका संध्याकाळी दादानं पात्याला डोळा लावला आणि पातं दोनदा मागे-पुढे सरकवून बघितलं. मग मला पुढे केलं. काच कडेपासून कडेपर्यंत एकसारखी होती, सारवलेल्या अंगणासारखी. "झाली गं," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो कल्याणला गेला. तिथं त्याचा मित्र सुतारकाम जाणणारा होता, त्याच्याकडून काच मुंबईला न्यायला पेटी करून घ्यायची होती. तीन दिवसांनी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो परतणार होता. काच त्यानं मलमलीत गुंडाळून फडताळात ठेवली आणि राखण माझ्यावर सोपवली.

मधेच आली खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा मोठी. आजोबांच्या वेळची गंजकी तलवार, अण्णांची लेखणी-दौत, आईची विळी, पाटा-वरवंटा, सगळं चौरंगावर मांडून गंध-फूल वाहायचं. सगळं मांडून झालं, आईनं एकदा चौरंगाकडे बघितलं आणि मला म्हणाली, "सगळ्यांची हत्यारं पुजली आणि माझ्या लेकाचं तेवढं राहिलं तर कसं? आण त्याची काच."

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? राखण माझ्याकडे होती. पण इतके महिने ज्याला खूळ म्हटलं त्याला आज आई विळीच्या पंक्तीला बसवत होती. मला इतका आनंद झाला की मी धावत जाऊन काच आणली, कडेनं धरून, मोठ्या जपणुकीनं, आणि माझ्या हातानं चौरंगावर ठेवली. आईनं तिला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं. हात जोडून ती पुटपुटली ते मी ऐकलं. "पोराला यश दे," म्हणत होती. नुसतं वाहण्यानं काही बिघडलंही नसतं.

दसऱ्याला मी मैत्रिणींकडे सोनं वाटून घरी आले तर मोरीतून घासण्याचा आवाज. आई पूजेची उपकरणी उजळत बसली होती. तबक झालं, निरांजन झालं, आणि आता तिच्या मांडीवर दादाची काच. वाळलेलं कुंकू निघेना म्हणून तिनं चिमूटभर राख घेतली होती, देवाची भांडी घासतात तशी. "बघ कशी लखलखली," ती म्हणाली. तिच्या तोंडावर इतकं कौतुक होतं की मी नुसती मान डोलावली. काच मी उजेडात धरली. मधल्या भागात तीन ओरखडे होते, मांजरानं ओढावेत तसे. राखेत कुठला तरी खडा असणार. मी काच पुसून मलमलीत गुंडाळली आणि फडताळात ठेवून दिली. त्या रात्रीचं सोन्यासारखं श्रीखंड मी वाटीत तसंच ठेवून उठले.

आईला सांगावं तर तिचं काळीज फाटेल, दादाला सांगावं तर तो आईवर रागावेल. दोन्ही मला नको होतं. दहा वर्षांच्या डोक्यानं तिसरी वाट काढली: ओरखडे घालवून टाकायचे, म्हणजे कुणाला काही कळायला नको. दुसऱ्या दिवशी दुपारी आई जेवून जरा कलंडली आणि मी काच घेऊन पडवीत बसले. आश्विनातलं ऊन, डांबर पाघळलेलं, त्यावर घासता येईना. मग मी अंगठ्याला लाल पूड लावली आणि अंगठ्यानंच ओरखड्यांवर घासत बसले, गोल गोल, उन्हं भिंतीवर चढेपर्यंत. अंगठा सोलवटला. ओरखड्यांच्या कडा जरा पुसट झाल्यासारख्या वाटल्या. देवाला हात जोडले आणि काच जागच्या जागी ठेवली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी तोवर दुसऱ्यांनाच लावत आले होते.

दादा संध्याकाळी आला, सागवानी पेटी घेऊन, खूश होऊन. पेटीत घालण्याआधी एकदा डोळे भरून बघतो म्हणाला आणि दारं लावली. पात्याला डोळा लावला आणि तो मागेच सरला. पुन्हा बघितलं. मग बाजूला होऊन मला जागा दिली. काचेच्या मधोमध एक खळगा होता, काळा, लांबट, अंगठ्याच्या टोकाएवढा. कुणाचा अंगठा, ते विचारायची गरजच नव्हती. त्यानं माझा हात धरून दिव्याजवळ नेला आणि सोलवटलेला अंगठा बघितला.

"ओरखडे होते," मी म्हटलं.

"अगं वेडे, ओरखड्यांनी काय झालं असतं? उजेड रतिभर कमी झाला असता, एवढंच. आकार बिघडायला नको होता."

हे तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. ओरखडे कुठून आले असं त्यानं विचारलं तेव्हा मी दिव्याची वात सारखी करायला लागले. त्यानं काच फिरवून कड बघितली. कडेच्या खरखरीत भागात पिवळा डाग होता, हळदीचा. त्यानं तो नखानं खरवडून वास घेतला आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. आत आई त्याच्यासाठी निनाव्याच्या गोड वड्या भाजत होती आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. दादानं दार लोटून घेतलं. आईला यातलं एक अक्षर कळायला नको, असं त्यानं माझ्याकडून वदवून घेतलं.

खळगा काढायचा म्हणजे बाकीची सगळी काच घासून त्या खळग्याच्या तळापर्यंत उतरवायची. त्याला महिने हवेत, आमच्याकडे पाच दिवस होते. पहाटे गारव्यात डांबर कठीण असेपर्यंत घासायचं, उन्हं आली की ओली फडकी टाकून थांबायचं, संध्याकाळी पुन्हा. काच "जरा बिघडली" एवढंच दादानं घरात सांगितलं होतं. तिसऱ्या पहाटे मी डोळे चोळत पडवीत आले तर पिंपाभोवती अण्णा फिरत होते, धोतराचा काचा मारून, उघडेबंब, आणि दादा भिंतीला टेकून झोपलेला. मला बघून ते ओशाळले. म्हणाले, मुदत द्यायची तर आरोपीला वकील तरी द्यावा लागतो. अण्णांवर मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटातून माया केली.

नाही झालं. खळगा उथळ झाला, गेला नाही. दादा पेटी घेऊन मुंबईला गेला आणि दिवेलागणीच्या आत परत आला. प्रोफेसरांनी चाचणी केली होती. हात चांगला आहे, कडेचं काम उत्तम आहे, पण मधला भाग असा कसा बिघडवलास, असं त्यांनी विचारलं. घाई झाली, असं दादानं सांगितलं. घाई करणारा माणूस उपकरणांच्या खोलीत चालत नाही, म्हणाले. जागा दुसऱ्या मुलाला गेली. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. पण दादा आणि घाई! ज्यानं सगळा पावसाळा पावलापावलानं पिंपाभोवती काढला, त्याला हा शेरा मिळाला.

उरणला जायच्या आदल्या दिवशी दुपारी आईनं त्याच्या आवडीचं सगळं केलं होतं, वालाचं बिरडं, कोळंबीचं कालवण, निनावं. अण्णा, दादा आणि मी पाटावर, आई वाढत होती. वाढता वाढता तिचा हात थांबला.

"मी नवमीला त्या काचेला गंधफूल वाहिलं," ती म्हणाली, "नंतर राखेनं घासली. त्यानं तर काही झालं नाही ना रे?"

दादाचा घास हातातच राहिला. त्याला खोटं बोलता येत नसे, बोलायला लागला की कान लाल व्हायचे, आणि ते आईला जन्मापासून ठाऊक होतं. त्याचे कान लाल व्हायला लागलेले मी बघितले. आईसुद्धा त्याच्या कानांकडेच बघत होती. पळी तिच्या हातात होती आणि तिच्यातून कालवण पाटावर ठिबकत होतं.

"मी केलं," मी म्हटलं. "दुपारी काढून खेळत होते. अंगठ्यानं घासली. मधे खळगा पडला तो माझ्या अंगठ्याचा. विचार दादाला."

आईनं दादाकडे बघितलं. दादा खाली मान घालून म्हणाला, "अंगठा हिचाच आहे." त्याचे कान आता लाल झाले नाहीत, कारण ते खरंच होतं.

आईनं मला कधी चापटसुद्धा मारली नव्हती. त्या दिवशी तिनं पळी खाली ठेवली, माझ्यासमोर आली आणि उजव्या हातानं काडकन माझ्या तोंडात दिली. "भावाचं नशीब बिघडवलंस गं कार्टे," म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून रडायला लागली. गाल पेटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आत मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. तिनं मला मारलं म्हणजे तिला पटलं होतं. आता ती उभ्या जन्मात स्वतःला दोष देणार नव्हती.

सकाळी धक्क्यावर मचवा लागला. अण्णा तांडेलाशी बोलत होते तेवढ्यात दादा माझ्याजवळ वाकला.

"अर्धंच सांगितलंस," तो म्हणाला.

"अर्धं पुरे," मी म्हटलं.

त्यानं माझ्या गालावर हात ठेवला आणि मचव्यात चढला. पेटी त्यानं बरोबर नेली. उरणला दीड वर्षांत खळगा काढला, चांदीचा मुलामा स्वतःच दिला, आणि पुढं मिठागरावरच्या आगरी बायाबापड्यांना रांगेनं उभं करून शनीचं कडं दाखवत असे. सगळी नोकरी त्यानं तिथंच केली. सुखी होता का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, मीठ मोजायला मॅट्रिक लागत नाही आणि शनी बघायलाही नाही. पण मुंबईचं नाव निघालं की तो उठून बाहेर जायचा. ते मी बघत होते आणि मला ते लागत होतं. अंगठा माझाच होता, त्यात खोटं काही नव्हतं.

आई हे विसरली नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा, पहिला मुलगा झाला तेव्हा, केव्हाही मायेच्या भरात असली की शेवटी ते यायचंच. तरुणपणी कधी कधी मला इतका संताप यायचा की सगळं सांगून टाकावंसं वाटे, राख, ओरखडे, हळदीचा डाग, सगळं. ओठापर्यंत आलेलं मी किती वेळा गिळलं याची गणती नाही. अण्णा गेल्यावर ती माझ्याकडे कल्याणला राहायला आली. दादा तिच्या आधी गेला, तेही तिनं बघितलं. शेवटच्या वर्षात अंथरुणाला खिळली तेव्हा आळीतल्या बायका तिला बघायला येत. ती माझा हात धरून त्यांना सांगायची, "लेक माझी गुणाची हो, माझं सगळं करते. पण लहानपणी हिनं भावाचं नशीब बिघडवलं."

"हो आई, बिघडवलं," मी म्हणायचे, आणि पेजेची वाटी तिच्या तोंडाशी धरायचे.